कुमारी जेन ॲडम्स : लेकरू आईजवळ राहावे म्हणून झटलेली स्त्री

अलीशा संदेष्ट्याच्या काळी एका विधवेच्या दारी सावकार आला व तिचे दोन मुलगे दास करून नेण्यास सिद्ध झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. अलीशाने त्या मुलांस दुसरीकडे कोठे नेऊन ठेविले नाही. त्याने त्या बाईस शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले. देवाच्या कृपेने ती तेलाने भरली, कर्ज फिटले, आणि मुलगे आईच्या घरातच राहिले. देवाची कृपा व शेजाऱ्यांची भांडी ह्या दोहोंच्या योगाने मोडत आलेले एक घर वाचले. ज्या बाईंचे चरित्र आम्ही ह्या अंकी देत आहो, त्यांनी आपल्या आयुष्याची ४५ वर्षे अशाच शेजारधर्मात घालविली.

जेन ॲडम्स ह्यांचा जन्म ता. ६ सप्टेंबर १८६० रोजी अमेरिकेतील इलिनॉय प्रांती सीडरव्हिल ह्या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील गिरणीचे मालक व प्रांताच्या विधिमंडळाचे सभासद होते, आणि अब्राहाम लिंकन ह्यांच्याशी त्यांचा स्नेह होता. १८६३ साली, म्हणजे जेन दोन वर्षांच्या असतानाच, त्यांची आई वारली. पुढे क्षयाच्या विकाराने त्यांच्या पाठीचा कणा वाकला. आईवाचून राहणे म्हणजे काय व दुबळ्या देहाने जगणे म्हणजे काय, हे त्या अशा रीतीने बाळपणीच शिकल्या. १८८१ साली त्यांचे शिक्षण रॉकफर्ड येथे पुरे झाले, आणि त्याच वर्षी त्यांचे वडीलही निवर्तले. वैद्यकी शिकण्याचा त्यांनी आरंभ केला होता, परंतु दुखण्यामुळे तो सोडावा लागला. कित्येक वर्षे आपल्या हातून काय घडावे हे त्यांस कळेना. ह्याच काळात त्या बाप्तिस्मा घेऊन प्रेस्बिटेरियन मंडळीच्या सभासद झाल्या. १८८८ साली लंडन शहरात त्यांनी टॉइन्बी हॉल नावाचे घर पाहिले. तेथे शिकलेले तरुण गरिबांच्या वस्तीत शेजारी म्हणून राहत असत. ते पाहून त्यांस आपला मार्ग सापडला.

ता. १८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स व त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार ह्या शिकागो शहरातील हॉलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात राहावयास गेल्या. तो वाडा हल नावाच्या गृहस्थाने बांधिला होता, म्हणून त्यास हल हाउस असे नाव पडले. सभोवती इटालियन, जर्मन, आयरिश, बोहेमियन, ग्रीक, तसेच पोलंड व रशिया येथून आलेले यहूदी असे परदेशचे गरीब लोक दाटीने राहत होते. दोघी बाईंनी प्रथम काही मोठी योजना आखली नाही. त्या शेजारी होऊन राहिल्या. आजाऱ्यांजवळ बसल्या, बाळंतिणींच्या उपयोगी पडल्या, आणि कोणत्या घरी काय उणे आहे हे हळूहळू त्यांस कळू लागले.

त्या वस्तीत त्यांच्या दृष्टीस प्रथम तीन अपंग मुले पडली. तिघांच्याही आया दिवसभर मजुरीस जात, व मुले घरी एकटीच राहत. एक मूल तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडले होते. दुसरे भाजले होते. तिसऱ्यास तीन वर्षे रोज स्वयंपाकघरातील मेजाच्या पायास बांधून ठेवीत असल्यामुळे त्याची पाठ वाकडी झाली होती. दुपारी त्याचा थोरला भाऊ जवळच्या कारखान्यातून धावत येई व त्यास सोडून आपली भाकर त्याच्याबरोबर खाई. तेवढीच त्या बाळाची मोकळीक. ह्या आया निर्दय होत्या काय? मुळीच नाही. बांधून ठेविले नाही तर मूल चुलीत किंवा खिडकीतून पडेल, आणि कामास गेले नाही तर ते उपाशी मरेल, अशा पेचात त्या सापडल्या होत्या. ॲडम्स बाईंनी त्यांस दोष दिला नाही. त्यांनी मुलांसाठी पाळणाघर उघडले. सकाळी आईने मूल आणावे, दिवसभर त्यास खाऊपिऊ घालून सांभाळावे, आणि सायंकाळी त्याने आईबरोबर आपल्या घरी जावे, असा त्याचा क्रम होता. हे पाळणाघर हल हाउसने १६ वर्षे चालविले.

परंतु पाळणाघराने सर्व गरज भागत नाही, हेही त्यांस एका दुःखद प्रसंगाने कळून आले. पाळणाघरात येणाऱ्या एका मुलाची आई मजुरीवर पोट भरीत असे. कामास जाण्यापूर्वी ती घराच्या छपरावर धुणे वाळत घालीत असता सोसाट्याचा वारा सुटला, आणि जवळ असलेले ते मूल खाली पडून मेले. त्याला पुरल्यावर हल हाउसच्या मंडळींनी त्या बाईस विचारले की, आणखी काही साहाय्य करावे काय. तिने दुसऱ्या दिवसाची मजुरी मागितली, ती एवढ्यासाठीच की, एक दिवस कामास न जाता आपल्या तान्ह्या बाळास मांडीवर घेऊन बसता यावे. गेलेले लेकरू सदा घे म्हणून मागे लागत असे, आणि तिला कधी वेळ झाला नव्हता. ॲडम्स बाईंच्या मनास हे फार लागले. परक्याने मूल सांभाळले तरी आईच्या मांडीची भूक उरतेच. ती भागविण्यास आईच्या घरीच काही मिळकत पोहोचली पाहिजे, असे मत पुढे त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी लोकांपुढे मांडले.

त्या काळची रीत ह्याच्या उलट होती. नवरा मेला व घरात दाणा उरला नाही की, विधवेने मुले अनाथाश्रमात द्यावी. म्हणून त्या आश्रमांतील पुष्कळ मुले खरी पोरकी नसत. त्यांची आई किंवा बाप जिवंत असे. चोरीमारी करणारे मूल थोरांच्या तुरुंगातही पडे. १८९९ च्या जुलैत शिकागो येथे मुलांसाठी निराळे न्यायालय सुरू झाले. जगात हे अशा प्रकारचे पहिले होय. त्यासाठी झटणाऱ्यांत हल हाउसच्या ज्यूलिया लेथ्रप ह्या प्रमुख होत्या. ह्या न्यायालयाने पुष्कळ मुलांस घरी परत पाठवावे, आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी त्यांच्या घरी जाऊन आईबापांस व मुलांस आधार द्यावा, अशी नवी वहिवाट पडली.

१९०९ च्या जानेवारीत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी निराधार मुलांविषयी वॉशिंग्टन येथे परिषद बोलाविली. तीत ॲडम्स बाईही बोलल्या. केवळ दारिद्र्यामुळे कोणाही मुलास घरापासून तोडू नये, असा त्या परिषदेने निर्णय दिला. १९११ साली इलिनॉयने गरीब मातांस मुले घरी वाढविण्यासाठी सार्वजनिक निधीतून साहाय्य देणारा कायदा केला. सबंध प्रांतास लागू असा हा पहिला कायदा होता. १९२० पर्यंत सुमारे ४० प्रांतांनी तसे कायदे केले. हे एकट्या ॲडम्स बाईंचे काम नव्हते, आणि ते निर्दोषही नव्हते. रक्कम तोकडी असे. काळ्या वर्णाच्या मातांस, तसेच टाकलेल्या व अविवाहित मातांस बहुधा वगळीत. तथापि वाट उघडली, आणि १९३५ साली सबंध देशाने ती धरली.

पहिल्या महायुद्धात त्यांनी शांततेचा पक्ष घेतला, म्हणून स्वदेशीयांनी त्यांची फार निंदा केली. त्यांनी ती सोसली. १९३१ साली त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ता. २१ मे १९३५ रोजी त्या निवर्तल्या.

अशा शेजारघराची कल्पना आमच्या महाराष्ट्रातही आली. अमेरिकन मराठी मिशनचे रे. क्लिफर्ड मॅन्शर्ट हे १९२५ साली मुंबईस आले व त्यांनी नागपाडा येथे असेच एक घर चालविले. १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा शाळा त्याच नागपाड्यात सुरू झाली, आणि तिचे पहिले प्रमुख तेच झाले.

१८९७ व १९०० च्या दुष्काळांत मिशनांच्या आश्रमांनी आमच्या प्रांतातील पुष्कळ मुलांचे प्राण वाचविले. त्याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. ज्यास खरोखर कोणीच नाही, त्यास आश्रय हवाच. परंतु ज्याची आई जिवंत आहे, त्यास केवळ भाकरीसाठी घर सोडावे लागू नये. आपल्या देशाच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही मुलास संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानिला आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेखाली संकटातील मुलास कुटुंबातच वाढविण्यासाठी मासिक साहाय्य मिळते. तिच्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा लागतो. गावच्या विधवेस पुष्कळदा ही वार्ताही नसते, आणि कागदपत्रे जमविण्यास तिच्या मजुरीचे दिवस बुडतात.

येथे मंडळीचे काम सुरू होते. पाळकांनी व वडीलजनांनी, आपल्या गावी कोणते लेकरू घर सोडण्याच्या बेतात आहे, ह्याचा ह्याच आठवड्यात तपास करावा. एकाने तिचा अर्ज लिहून द्यावा, दुसऱ्याने तिच्याबरोबर तालुक्यास किंवा जिल्ह्यास जावे, तिसरीने तेवढा दिवस तिचे मूल सांभाळावे, आणि साहाय्य मिळेपर्यंत मंडळीच्या पेटीतून तिच्या घरी दाणे जावे. त्या विधवेच्या शेजाऱ्यांजवळ तेल नव्हते, रिकामी भांडी मात्र होती, आणि ती त्यांनी दिली. आमच्याही घरी तेवढी असतील.