आनंदीबाईंची सहा उत्तरे



दहावी-बारावीचे निकाल लागले की मिस्सा संपल्यावर आपण मुलांना हमखास विचारतो, पुढे काय करणार? उत्तर बहुधा ठरलेले असते. खूप शिकायचे, मोठे व्हायचे, लोकांसाठी काहीतरी करायचे. पालकांना विचारावे तर त्यांचेही तेच, लेकरू आपल्या पायावर उभे राहिले म्हणजे झाले. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेतही आपण पुष्कळदा असेच मोघम मागतो. इच्छा चांगलीच असते. पण त्यातले ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले की आपण गप्प बसतो.

हा प्रश्न ज्या मुलीने टाळला नाही तिची जीवनकथा या रविवारी आम्ही सांगणार आहोत. डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकांतून माहीत आहे. २०१९ साली आलेला त्यांच्यावरचा मराठी चित्रपटही अनेकांनी पाहिला असेल. त्यांच्या शिक्षणाचे आणि धैर्याचे कौतुक आपण ऐकतोच. आम्हाला मात्र त्यांच्या आयुष्यातली एक संध्याकाळ अधिक महत्त्वाची वाटते. ती पुढे येईल.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे, हा त्यांचा ध्यास होता. कशासाठी आणि कुठवर शिकवायचे, याचा विचार मात्र त्यांच्याजवळ तयार नव्हता. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक गावी तिचा अभ्यास नव्याने सुरू झाला. गोपाळरावांबद्दल एकच एक मत देणे आम्हाला जमत नाही. त्या काळी बायको स्वयंपाकघरात गेली म्हणून नवरे रागावत नसत, हे रागावत, कारण ती पुस्तक सोडून गेलेली असे. अभ्यासासाठी त्यांनी तिच्यावर हातही उगारला. त्यांच्यावाचून ती शिकली नसती हे खरे, आणि तिने सोसले हेही खरे.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही. त्या काळात पुरुष डॉक्टरने बाळंतिणीला तपासणे घरच्यांना मान्य नसे, आणि स्त्री-डॉक्टर तर नव्हतीच. असे दुःख किती घरांत झाले असेल याची मोजदाद नाही. बहुतेक ठिकाणी ते नशिबाच्या खाती जमा झाले. आनंदीच्या मनात मात्र त्याचा एक प्रश्न झाला. बाईला तपासायला बाई का नाही? शिकायचे ही नवऱ्याची इच्छा होती. डॉक्टर व्हायचे, तेही बायकांसाठी, हे तिचे स्वतःचे ठरणे होते.

ठरले तरी वाट नव्हती. कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून अमेरिकेत काही सोय होईल का, असे विचारले होते. धर्म बदलला तर मदत होईल, असा तिकडून सूर आला. जोडप्याने ते मानले नाही. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून ही गोष्ट झाकून ठेवावी असे आम्हाला वाटत नाही. गरजू माणसाच्या शिक्षणाला अशी अट घालणे तेव्हाही बरोबर नव्हते. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीच्या हाती तो अंक दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या पडला. त्याही ख्रिस्तीच. त्यांनी काही अट न घालता स्वतः होऊन पत्र लिहिले. पुढे दोघींची पत्रे वर्षानुवर्षे येत-जात राहिली. कलकत्त्याला आनंदीची तब्येत सारखी बिघडे, डोके दुखे, ताप येई, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. आनंदी त्यांना मावशी मानू लागली.

आता ती संध्याकाळ. तारीख २४ फेब्रुवारी १८८३. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, तिथल्या कॉलेजच्या सभागृहात, देशी आणि युरोपियन श्रोत्यांसमोर आनंदीबाई इंग्रजीतून बोलायला उभ्या राहिल्या. अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. एकटी ब्राह्मण बाई समुद्र ओलांडून जाणार म्हणून गावात नाना तऱ्हेची चर्चा होती. लोक जे सहा प्रश्न पाठीमागे विचारत होते, तेच त्यांनी सर्वांसमोर घेतले आणि एकेकाला उत्तर दिले.

अमेरिकेला कशासाठी? वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी, कारण या देशाला स्त्री-डॉक्टर हव्या आहेत आणि त्यासाठी मी स्वतः तयार होते आहे. हे इथेच शिकता येणार नाही का? मद्रासला एक कॉलेज आहे, बाकी ठिकाणी सुईणींचे वर्ग आहेत, पण तिथले शिक्षण अपुरे आहे. शिवाय रस्त्याने शाळेत जाणाऱ्या बाईला लोकांचा होणारा त्रासही त्यांनी सांगितला. एकटी का? पैसा पुरत नाही, आणि नवऱ्यावर म्हातारे आईवडील व लहान भावंडांचा भार आहे. परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? राहणी आणि खाणेपिणे बदलायचेच नाही, तर टाकतील कशासाठी? हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. तिकडे काही संकट आले तर? संकट घरी बसूनही येते. आणि कोणी बाईने केले नाही ते तूच का करावे? समाजाचे प्रत्येकावर ऋण आहे, आणि चांगल्या कामाची सुरुवात कोणीतरी करायचीच असते.

तिसऱ्या उत्तरापाशी आम्ही पुन्हा पुन्हा थांबतो. त्यात मोठा आव नाही, घरखर्चाचा हिशेब आहे. आजही दारव्ह्याहून मुलीला नागपूरला वसतिगृहात ठेवायचे म्हटले की घरात दोन दिवस बोलणी चालतात. फी किती, राहायचे कुठे, सोबत कोण, लोक काय म्हणतील, मध्येच आजारी पडली तर? हे प्रश्न मुलीला अडवण्यासाठी विचारले तर ती खचते. पण मुलीनेच वही घेऊन, आईवडिलांना शेजारी बसवून, त्यांची उत्तरे लिहिली तर? ज्याचे उत्तर सुचत नाही तिथे कोणाला भेटायचे, काय चौकशी करायची, हे तरी कळते. श्रीरामपूरच्या सभागृहात आनंदीबाईंनी याहून वेगळे काही केले नव्हते. भाषणाची बातमी झाली, लोकांनी वर्गणी पाठवली. हातातल्या सोन्याच्या बांगड्याही विकल्या गेल्या.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजकडे केलेल्या अर्जातही तोच नेमकेपणा होता. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, असा त्याचा आशय. आपले वय आणि पूर्वशिक्षण नियमात बसणार नाही, हेही त्यांनी लपवले नाही. प्रमुख डॉ. रेचेल बॉडली होत्या. कॉलेजने प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली.

ती तीन वर्षे सोपी नव्हती. लुगडे नेसायचे, शाकाहारी राहायचे आणि बाहेर बर्फ. खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. गारठ्यात बसा नाही तर धुरात बसा. खोकला लागला तो क्षयाकडे गेला. ११ मार्च १८८६ ला त्यांना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातले प्रसूतिशास्त्र, म्हणजे दहा दिवसांच्या त्या बाळापासून सुरू झालेला प्रश्नच. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही. रमाबाई नात्यातल्या, तोवर ख्रिस्ती झालेल्या. आनंदीबाई हिंदूच राहिल्या, तरी दोघींचा स्नेह तुटला नाही.

त्यांना जे दिसले ते आपल्या कॅथलिक चर्चलाही पुढे दिसले, जरा उशिरा. ऑस्ट्रियाच्या डॉ. अ‍ॅना डेंगेल १९२० मध्ये रावळपिंडीला आल्या. तिथल्या पडद्यातल्या मुस्लिम बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत म्हणून मरतात, हे त्यांनी पाहिले आणि १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था काढली. पण व्रतस्थ सिस्टरांना प्रसूतीसकट पूर्ण वैद्यकी करण्याची मोकळीक रोमकडून १९३६ मध्ये मिळाली. आनंदीबाईंच्या पदवीला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना तिथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची डॉक्टर म्हणून नेमले. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण आजार हाताबाहेर गेला होता. कोल्हापूरचे काम हाती घेता आलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर बाकी होता. संकट आले तर काय, या पाचव्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी चार वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवलेली आहे, आणि वरच्या दगडावर नावापुढे एम.डी. कोरले आहे.