विश्लेषण : बडोद्याचा घोडा जिंकला, महाराजांची गादी मात्र का गेली?

सप्टेंबर १९४७. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झाला होता, पंजाब फाळणीत होरपळत होता. त्याच महिन्यात इंग्लंडमधील डॉनकास्टरच्या मैदानावर ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्याने सेंट लेजर शर्यत जिंकली. मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

ही शर्यत कोणती?

१७७६ पासून होणारी, तीन वर्षांच्या घोड्यांची. ग्रँड नॅशनलसारखी अडथळ्यांवरून उड्या मारण्याची नव्हे, सपाट मैदानावरची. अंतर सुमारे २.९ किलोमीटर, त्यामुळे वेगाइतकाच दमही लागतो. त्या वर्षी डर्बीत तिसरा आलेला सयाजीराव इथे फ्रान्सच्या आर्बारला भिडला आणि घोड्याचे डोके जेवढे, तेवढ्याच अंतराने जिंकला. जॉकी होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट.

हा घोडा १९४५ मध्ये शिंगरू असताना २८ हजार गिनींना घेतला होता. ब्रिटनमध्ये तेव्हाचा तो विक्रमी भाव. डर्बी जिंकणाऱ्या दांतेचा तो सख्खा भाऊ, म्हणून एवढी बोली. नाव ठेवले सयाजीराव. महाराजांच्या आजोबांचे नाव तेच, धाकट्या मुलाचेही तेच.

आजोबा म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेले, सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणणारे सयाजीराव तिसरे. १९०८ मध्ये जन्मलेले प्रतापसिंहराव १९३९ मध्ये त्यांच्या गादीवर आले. १९४३ मध्ये त्यांनी सीतादेवींशी दुसरा विवाह केला. पहिली पत्नी हयात असताना दुसऱ्या लग्नाला बंदी घालणारा कायदा बडोद्याचाच होता! १९४८ मध्ये त्यांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली.

इकडे हिशेब सुरू झाला होता. संस्थानच्या खजिन्यातून महाराजांनी केलेल्या मोठ्या उचलीची चौकशी झाली. १९४९ मध्ये बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी आजोबांच्या नावाचे विद्यापीठही उभे राहिले, हे त्यांच्या खात्यावर जमाच धरावे लागेल. पण पुढे ते विलीनीकरणाविरुद्ध संस्थानिकांची मोट बांधू लागले. केंद्राने १९५१ मध्ये त्यांची मान्यता काढून घेतली आणि थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव गादीवर आले.

सयाजीराव घोड्याचा वंश मात्र पळत राहिला. १९६४ मध्ये त्याचा मुलगा ‘इंडियाना’ने तीच सेंट लेजर जिंकली. प्रतापसिंहरावांचे १९६८ मध्ये लंडनमध्ये निधन झाले.