पिवळ्या पानाचा हिशेब

केलगेरीच्या तळ्याकाठी पानगळ सुरू झाली की पिवळी पानं पायाखाली येऊ लागतात. तो पिवळा रंग नवा आलेला नसतो, बरं का. पान हिरवं होतं तेव्हाही तो त्यात होताच. हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, ओसरलं आणि झाकलेली कॅरोटिनॉइड्स दिसायला लागली, एवढंच. जिवंत पानात ही दोन्ही रंगद्रव्यं उजेडाचं काय करतात, या प्रश्नाच्या अगदी दारापर्यंत मुंबईतला एक माणूस जाऊन पोहोचला होता. ते म्हणजे प्रा. रुस्तमजी होरमसजी दस्तूर. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, त्यामुळे त्यांना आपले म्हणायला हरकत नाही.

दस्तूरांचा जन्म १८९६ चा. वनस्पतिशास्त्रात त्यांचं नाव मोठं आहे. बाहेर मात्र बुरशीतज्ज्ञ जे. एफ. दस्तूर यांच्याशी त्यांची सहज गल्लत होते, माझीही झाली. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख होते. पानातलं पाणी कमी-जास्त झालं की प्रकाशसंश्लेषणाचा वेग कसा बदलतो, हे त्यांनी १९२४-२५ मध्ये मांडलं. पुढे हरितद्रव्याच्या प्रमाणाकडे वळले.

खरी गंमत झाली ती दिव्यांमुळे. विजेच्या दिव्याखाली ठेवलेली पानं दिवसाच्या उजेडातल्या पानांइतकं अन्न तयार करत नव्हती. दिव्याच्या उजेडात तांबडा भाग भरपूर, पण निळा-जांभळा अगदी तुटपुंजा. सामंत (१९३३) आणि मेहता (१९३५) या सहकाऱ्यांबरोबर दस्तूरांनी दाखवलं, की पानाला निळे-जांभळे किरण हवेतच, नुसत्या तांबड्यावर भागत नाही.

ते का हवेत, हे आज आपल्याला बरंच कळतं. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश घेतं, पण निळ्या-हिरव्या पट्ट्यात ते कमी पडतं. तिथे कॅरोटिनॉइड प्रकाश पकडतं आणि ती ऊर्जा शेजारच्या हरितद्रव्याला देतं. रांगेत उभं राहून घागर पुढच्या हातात द्यावी, तसं. हात पोहोचेल इतकं जवळ मात्र उभं राहावं लागतं, आणि थोडं पाणी वाटेत सांडतंच. शिवाय ऊन फार झालं की हरितद्रव्याकडे ऊर्जा तुंबते आणि त्यातून पेशीला घातक ऑक्सिजन तयार होऊ शकतो. ती जास्तीची ऊर्जा कॅरोटिनॉइड उष्णतेच्या रूपात घालवून टाकतं. म्हणजे मदतनीसही तेच आणि राखणदारही तेच. ही देवाणघेवाण अमेरिकेत डटन आणि मॅनिंग यांनी १९४१ मध्ये डायटम शेवाळावर दाखवली.

तोवर दस्तूर या विषयातून बाहेर पडले होते. पंजाबात अमेरिकन कापसाचं पीक मधूनच दगा देई. बोंडं नीट उमलत नसत, सरकी पोचट राही. शेतकरी या रोगाला 'तिरक' म्हणत. १९३५ च्या सुमारास दस्तूर त्याच्या मागे लागले. एवढा चांगला धागा हातचा सोडला याची मला आधी हळहळ वाटली होती. नंतर लक्षात आलं, तिथेही ते पानच वाचत होते.

तिरक हा कीड-बुरशीचा रोग नव्हताच. काही शेतांत खालच्या थरातली माती खारी होती, तर काही हलक्या रेताड शेतांत नत्र अपुरं होतं आणि तिथली पानं वेळेआधीच पिवळी-तांबडी पडून गळत. हरितद्रव्याच्या एका रेणूत नत्राचे चार अणू असतात, कॅरोटिनॉइडमध्ये एकही नाही. मग जमिनीत नत्र संपलं की कोणता रंग आधी जाणार आणि कोणता मागे राहणार, ते उघड आहे. रेताड जमिनीला दस्तूरांनी अमोनियम सल्फेट सुचवलं, खारट जमिनीत पेरणी उशिरा करायला आणि पाणी जास्त द्यायला सांगितलं. गेलेलं पीक देवाची मर्जी म्हणून सोडून देणाऱ्या शेतकऱ्याला निदान कारण तरी मिळालं.

१९६० साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा 'कॉटन इन इंडिया' हा ग्रंथ निघाला. त्याच्या लेखकांत दस्तूरांचं नाव आहे. पुढच्याच वर्षी ते वारले.