काठीचे गुरू रेमी प्रेसास

फिलिपिन्स हा हजारो बेटांचा देश. तिथे वेताच्या काठीने लढायची जुनी विद्या आहे. तिला आर्निस म्हणतात. रेमी प्रेसास हे तिचे मोठे गुरू.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १९३६ रोजी निग्रोस बेटावरील हिनिगारान गावी झाला. काठीचे पहिले धडे आजोबांनी दिले. पुढे सेबू बेटावर जाऊन ते नामांकित गुरूंकडे शिकले.

त्या काळी सरावातसुद्धा समोरच्याच्या हातावर काठी हाणायची रीत होती. बोटे सुजत, हात ठणकत. मग पोरं यायचीच बंद होत. जपानचे कराटे आणि ज्युदो त्यांना बरे वाटे. घरची विद्या मागे पडू लागली.

प्रेसास यांनी साधाच उपाय काढला. हातावर नाही, काठीवर काठी मारायची! इजा टळली, डावपेच मात्र तेच राहिले. बाकोलोद शहरात त्यांनी कॉलेजच्या मुलांना ही विद्या शिकवली. पुढे अमेरिकेत जाऊन ठिकठिकाणी शिबिरे घेतली. त्यांचे शिष्य देशोदेशी तयार झाले.

२८ ऑगस्ट २००१ रोजी कॅनडात त्यांचे निधन झाले. २००९ साली फिलिपिन्सने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळाचा मान दिला आणि शाळेच्या व्यायामात त्याला जागा दिली.

मुलांनो, विद्या टिकवायची तर आधी शिकणाऱ्याला जपावे लागते. प्रेसास गुरुजींनी हेच करून दाखवले.