राजा परांजपे आणि ‘पाठलाग’

राजा परांजपे यांचा जन्म १९१० साली मिरजेस झाला. ‘लाखाची गोष्ट’ व ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२) या चित्रपटांनी विनोदी दिग्दर्शक म्हणून त्यांची ख्याती दृढ केली. ती पणास लावून त्यांनी १९६४ साली जयंत देवकुळे यांच्या कथेवरून ‘पाठलाग’ हा रहस्यपट निर्माण केला. मृत मानलेल्या पत्नीच्याच रूपाची आरोपी स्त्री वकिलासमोर येते. घरातील गुपितेही तिला ठाऊक असतात. कोणती साक्ष मानावी, हे पतीलाच ठरवावयाचे असल्याने उत्कंठा अखेरपर्यंत टिकते. हा पेच तमिळ ‘इदय कमलम्’ (१९६५) व हिंदी ‘मेरा साया’ (१९६६) यांनीही स्वीकारला. परांजपे १९७९ साली निवर्तले. त्यांच्या विनोदी चित्रपटांइतकाच ‘पाठलाग’ही त्यांच्या नावाशी निगडित आहे.