मेरी शेली आणि अमरत्वाचा शाप

विज्ञानकथा म्हटली की अवकाशयाने आणि यंत्रमानव डोळ्यांपुढे उभे राहतात. प्रेमाला आणि विरहाला तेथे काय स्थान, असे कोणालाही वाटेल. परंतु ज्या लेखिकेपासून या वाङ्मयप्रकाराचा आरंभ झाला असे पुष्कळ अभ्यासक मानतात, त्या मेरी शेलीचे जीवन पाहिले म्हणजे ही शंका उरत नाही.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडन येथे झाला. वडील विल्यम गॉडविन हे विचारवंत, तर आई मेरी वुलस्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांची पुरस्कर्ती. मेरीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. १८१४ साली, अवघ्या सोळा वर्षांची असताना, मेरी पर्सी शेली या विवाहित कवीबरोबर घर सोडून गेली. वडिलांनी तिच्याशी संबंध तोडले. पुढे शेलीच्या पहिल्या पत्नीने आत्महत्या केली आणि १८१६ च्या डिसेंबरात या दोघांचा विवाह झाला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, जिनिव्हा सरोवराकाठी, तिने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहावयास घेतली. ही कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला राक्षस आपल्या निर्मात्याकडे एक जोडीदारीण मागतो. निर्माता तिला घडवू लागतो आणि अर्धवट असतानाच नष्ट करतो. राक्षसाच्या सूडामागे हे एकाकीपण आहे.

मेरीची तीन मुले एकामागून एक गेली. ८ जुलै १८२२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ नाव बुडून शेलीचा अंत झाला. तो २९ वर्षांचा होता. मेरीला पंचविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. एकुलत्या उरलेल्या मुलाला घेऊन ती इंग्लंडला परतली व लेखणीवर संसार चालवू लागली. सासऱ्याने नातवासाठी पैसे दिले, पण शेलीचे चरित्र लिहावयाचे नाही या अटीवर! तिने पुन्हा लग्न केले नाही.

१८३३ मध्ये तिने 'द मॉर्टल इम्मॉर्टल' ही लघुकथा लिहिली. विन्झी हा एका किमयागाराचा शिष्य. बर्थाच्या प्रेमात पोळलेला हा तरुण, प्रेमातून सुटका करणारे औषध समजून गुरूचे रसायन अर्धे पिऊन टाकतो. वस्तुतः ते अमरत्वाचे रसायन असते! प्रेम काही जात नाही. उलट बर्थाशी त्याचा विवाह होतो. पण वर्षे लोटतात, बर्था म्हातारी होते, आणि तो मात्र विशीतलाच राहतो. लोक दोघांना टाळतात, बर्थाला मत्सर ग्रासतो. तो तिची अखेरपर्यंत शुश्रूषा करतो आणि मग शतकानुशतके एकटा उरतो. आपल्याकडच्या अश्वत्थाम्याची आठवण व्हावी, असे हे अमरत्व आहे.

विन्झीचे दुःख म्हणजे मागे उरलेल्याचे दुःख. ते मेरीचेच होते. पण मला वाटते, बर्थाही मेरीच आहे. शेलीचे वय तिच्या स्मृतीत २९ वरच थांबले होते, आणि आरशातली मेरी दरवर्षी प्रौढ होत होती. जो गेला तो चिरतरुण राहिला. जी राहिली ती वृद्ध होत गेली. ही व्यथा सांगावयास साधी प्रेमकथा अपुरी पडली असती. त्यासाठी रसायनाची कल्पनाच हवी होती.

१८३९ साली तिने शेलीची कविता स्वतःच्या टिपांसह प्रसिद्ध केली. चरित्र लिहिण्यास बंदी होती, म्हणून टिपांतूनच तिने त्याचे जीवन सांगितले. १ फेब्रुवारी १८५१ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, ती निवर्तली. विन्झीला न लाभलेली विश्रांती तिला मिळाली.