धाकटा चॅफी

बेदाणा आपण सगळेच खातो. आमच्या तासगावकडे तर सीझनला शेडच्या शेड भरलेल्या असतात. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या पाण्यात बुडवायची, मग जाळीवर सावलीत वाळवायची, याला ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणतात. ऑस्ट्रेलियातला बेदाणा म्हटलं की मिल्डुरा, आणि मिल्डुरा म्हटलं की विल्यम बेंजामिन चॅफी. हा माणूस मला आवडतो तो यशासाठी नाही, तर सगळं बुडाल्यावर तो जसा वागला त्यासाठी.

विल्यमचा जन्म 1856 चा, कॅनडातल्या ब्रॉकव्हिलचा. थोरला भाऊ जॉर्ज म्हणजे हाडाचा इंजिनीअर. दोघांनी कॅलिफोर्नियात कोरड्या जमिनी घेतल्या, पाणी आणलं आणि प्लॉट पाडून विकले. 1885 मध्ये व्हिक्टोरियाचे मंत्री आल्फ्रेड डीकिन तिकडे पाहणीला गेले. पाठोपाठ हे भाऊ ऑस्ट्रेलियात आले. 1887 मध्ये सरकारशी करार झाला : मरे नदीकाठची मिल्डुराची अडीच लाख एकर जमीन. पाऊस वर्षाला जेमतेम 280 मिलिमीटर, आपल्या माणदेशापेक्षाही कमी! जमीन मुळात लाट्जी लाट्जी आदिवासींची, पण त्यांना विचारतो कोण?

नदी खाली, जमीन वर. जॉर्जने ट्रिपल एक्सपान्शन स्टीम इंजिनच्या एकाच शाफ्टवर चार सेंट्रीफ्युगल पंप बसवायचं डिझाइन केलं. बर्मिंगहॅमच्या टँगी कंपनीने ते बनवून दिलं, पण चालेल याची हमी द्यायला ती तयार नव्हती. 1891 मध्ये साइकी बेंडला हे पंप सुरू झाले आणि 1959 पर्यंत चालले!

मशीन पास झालं, प्रोजेक्ट मात्र नापास. पाट मातीचे, त्यातून पाणी झिरपायचं. यॅबी नावाचे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी बांध पोखरायचे. रेल्वे नव्हती, सगळी भिस्त बोटींवर. नदी आटली की माल अडकला. त्यात 1893 मध्ये बँका बुडाल्या. 1895 मध्ये चॅफी बंधूंची कंपनीही बुडाली. सरकारी चौकशी झाली, लोकांनी शिव्या घातल्या. 1897 मध्ये जॉर्ज अमेरिकेला परत गेला.

विल्यम गेला नाही. ज्यांना त्याने स्वप्नं विकली होती, त्याच शेतकऱ्यांच्या शेजारी तो बाग करत राहिला. रोज रस्त्यात त्यांच्या नजरेला नजर द्यायची, हे सोपं नव्हतं. शेतकरी आपापसात भाव पाडून मरतात हे ओळखून त्यांची संघटना बांधण्यात तो पुढे राहिला. 1903 मध्ये एकदाची रेल्वे आली आणि मालाला बाजार मिळाला. 1920 मध्ये मिल्डुराचा पहिला महापौर झाला विल्यम चॅफी! 1926 मध्ये तो तिथेच वारला. डीकिन ॲव्हेन्यूवर त्याचा पुतळा आहे.

आपण सबमिशनमध्ये पंपाची एफिशियन्सी काढतो आणि सुटतो. पाट कोण राखणार, माल बाजारात कसा जाणार, हे त्या शीटवर नसतं. जॉर्जचं डिझाइन मला आवडतंच. पण उद्या माझं एखादं काम फसलं, तर विल्यमसारखं साइटवर थांबायची हिंमत माझ्यात असावी, एवढंच वाटतं.